दुसरी काच

जानकीबाई देशमुख बीडमध्ये उत्तरेश्वररावांच्या ओसरीवर येऊन टेकल्या, तेव्हा बबनराव तिसरी भाकरी मोडत होते. कोण आलं हे पाहून त्यांनी ताट आत नेलं. भाकरी मात्र हातातच राहिली.

उत्तरेश्वररावांनी आधी बाईंचे पाय पाहिले, मग हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. निजामाच्या पैमाईश खात्यात वीस वर्षं साखळी टाकून रानं मोजताना लागलेली ही सवय. नोकरी सुटली, साखळी सरकारजमा झाली, मोजायचं काही सुटलं नाही. आता लोक त्यांच्याकडे हरवलेल्या वस्तूंची गाऱ्हाणी घेऊन येत आणि ते माणसं मोजत. बबनराव त्यांचे स्नेही, पलटणीतून सुटलेले हवालदार. अंगानं दीड माणूस. शंका मात्र अर्धीच घ्यायचे.

बाई धारूरहून दोन दिवस बैलांच्या दमणीत बसून आल्या होत्या. चाळिशी उलटलेली, कपाळ मोकळं, अंग वाळक्या शेंगेसारखं. उजव्या हाताच्या बोटांवर तपकिरी डाग. बबनरावांना ते बिब्ब्याचे वाटले.

हकिकत त्यांनी नीट क्रमानं सांगितली. धाकटे भाऊ सुंदरराव हे धारूरचे देशमुख. घराच्या माळवदावर त्यांनी पितळी दुर्बीण आणि लाकडी कॅमेरा मांडला आहे; रात्री आकाशाचे फोटो काचेवर घेतात. विलायतेत लढाई सुरू झाल्यापासून फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्यात, म्हणून एकेक जपून वापरायची. गेल्या वैशाख अमावास्येला, शनिवारी रात्री, श्रवणाच्या अंगाला एक नवा तारा दिसला. त्या रात्री दोन काचा घेतल्या. हैदराबादच्या वेधशाळेला पत्र गेलं, उत्तर आलं, येत्या शुक्रवारी तिथले साहेब काचा बघायला यायचे आहेत. आणि गेल्या सोमवारी पेटी उघडली तर दोहोंतली पहिली काच गायब. पेटीची किल्ली घरगडी धोंडीरामजवळ असते, म्हणून सुंदररावांनी त्याला पोलीस अमिनाच्या हवाली केलं. साहेब येऊन गेले की शनिवारी अमीन त्याला बीडच्या तुरुंगात धाडणार.

"तीस वर्सं घरात हाय तो," जानकीबाई म्हणाल्या. "चोर न्हाई."

"ती काच काढली कुणी होती?"

"घरचीच काच हाय."

उत्तरेश्वररावांनी मान डोलावली. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे नव्हतं, पण ते त्यांनी बाईंना सांगितलं नाही.

दमणी मांजरसुंब्याला बैल सोडून, विसावा घेऊन पुढं निघाली. धारूर कोसभर राहिलं तसा रस्त्याच्या कडेला ओढ्याकाठी शनीचा पार लागला. काळा दगड तेलानं चकाकत होता आणि पाराखाली जुन्या पायताणांचा ढीग होता. बबनरावांनी विचारल्यावर गाडीवान तात्याबानं सांगितलं, की शनिवारी अमावास्या आली की साडेसातीवाले इथं येतात. तेल घालायचं, रात्र पारावरच काढायची, पायताणं इथंच सोडायची आणि उजाडल्यावर मागं न बघता अनवाणी घर गाठायचं. पायताणांबरोबर पनवती जाते.

"मग ती उचलायची न्हाई व्हय कुणी?"

"उचलंल त्याच्या मागं ती लागंल की बे," तात्याबा हवालदाराचा मुलाहिजा न ठेवता म्हणाला.

उत्तरेश्वरराव खाली उतरून त्या ढिगापाशी बराच वेळ उभे राहिले. सगळी पायताणं झिजलेली, तुटलेली. एक जोड तेवढा ऐन उमेदीतला, लाल कातड्याचा, अंगठ्यावर हिरव्या रेशमाचा गोंडा. जानकीबाई दमणीत बसून समोरच्या बैलांच्या शिंगांकडे पाहत राहिल्या.

सुंदरराव देशमुखांनी पाहुण्यांचं स्वागत मनापासून केलं. गोरेपान, भरदार गृहस्थ. बोटं स्वच्छ, एका बोटात लोखंडाची काळी अंगठी. सांध्यांसाठी आहे, असं बबनरावांनी न विचारताच त्यांनी सांगितलं. चालताना ते किंचित लंगडत होते. पायात नव्याकोऱ्या वहाणा होत्या.

"चावतात वाटतं," उत्तरेश्वरराव म्हणाले.

"काय करता. जुन्या कुत्र्यानं नेल्या. झाले वीस-बावीस दिवस."

बैठकीत देशमुखांची मोठी तसबीर होती. एक हात दुर्बिणीवर, नजर आकाशात, पायात गोंड्याच्या वहाणा. तसबीर एका अंगाला कलली होती. वाकडी वस्तू पाहिली की पलटणीतल्या माणसाचा हात थांबत नाही. बबनरावांनी उठून ती सरळ केली.

"वजनदार हाय तुमची तसबीर," ते म्हणाले.

देशमुख हसले. मग दुर्बिणीचं बोलणं निघालं. गावातले लोक शनीला कसे भितात आणि आपण त्यांना दुर्बिणीतून शनीची कडी दाखवून त्यांचं खूळ कसं काढतो, हे त्यांनी रंगवून सांगितलं. शनी म्हणजे एक गोळा, पाटलाच्या बैलालाही तो काही करू शकत नाही. एवढं बोलून त्यांनी बोटातली अंगठी फिरवली.

त्या रात्रीविषयी विचारल्यावर त्यांचा आवाज चढला. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत आपण माळवदावरच होतो. दोन्ही काचा आपणच घेतल्या. एकेक काच अर्धा तास उघडी. बसून राहणं आपल्याच्यानं होत नाही, म्हणून सबंध रात्र कॅमेऱ्याभोवती येरझाऱ्या घातल्या. अक्का खाली झोपली होती. वहीत टिपणं तिच्या अक्षरात आहेत, कारण सकाळी आपण सांगतो आणि ती लिहिते.

"एक काच गेली, पण देवाची दया," ते शेवटी म्हणाले, "दुसरी राहिली. तीवर तारा स्वच्छ आहे. साहेबांना तीच दाखवू. चोराला शिक्षा झाली म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाईंनी दोघांना माळवदावर नेलं. धारूरच्या किल्ल्याचे बुरूज समोर होते. आकाश ढगांनी भरून आलेलं. माळवद लाकडी सरांवर मातीचं, जुन्या पद्धतीचं. बाईंनी पाण्याचा तांब्या कॅमेऱ्याच्या तिवईशेजारी ठेवला. बबनराव जिन्यातून वर आले आणि चार पावलं चालले, तसं तांब्यातलं पाणी थरथरलं.

"हवालदारसाहेब, तिथंच बसा," बाई म्हणाल्या. "काच उघडी असली की इथं चालायचं न्हाई. श्वास बी बेतानं घ्यायचा."

मग खाली येऊन त्यांनी पेटी उघडून काचा दाखवल्या. प्रत्येक काच कागदी पाकिटात, पाकिटावर तारीख. उत्तरेश्वररावांनी एकेक काच खिडकीच्या उजेडात धरली. कॅमेरा जागच्या जागी आणि आकाश फिरतं, त्यामुळं तारे काचेवर ठिपके न उमटता रेघा होऊन उमटतात; उलट्या फोटोत त्या काळ्या दिसतात. चैत्रातल्या काचांवर त्या रेघा मुंगीच्या वाटेसारख्या वेड्यावाकड्या होत्या. अमावास्येच्या रात्रीची दुसरी काच घेतली, तर तीवरची रेघ न् रेघ ताणलेल्या सुतासारखी. काचेच्या कडेला फक्त तारीख कोरलेली.

"चैत्रातल्या काचा काढताना माळवदावर कोण होतं?"

"सुंदर होता," बाई म्हणाल्या.

राधाकिशन फोटोवाला धर्मशाळेत उतरला होता. मोमिनाबादेत त्याचं दुकान होतं, काचा आणि त्या धुण्याची औषधं तोच पुरवायचा. काच गेल्याचं कळलं त्याच्या आदल्या दिवशी तो देशमुखांकडे येऊन गेला होता, म्हणून अमिनानं त्यालाही गावात थांबवून ठेवलं होतं. तो वैतागला होता. या काचेशी आपला काय संबंध, दुकान बंद पडलंय, असं तो तीनदा म्हणाला.

काचा कुणी धुतल्या, असं विचारल्यावर तो जरा ठिकाणावर आला. दोन्ही काचा त्यानं आणि जानकीबाईंनी मिळून धुतल्या होत्या. बाईंचा हात आपल्यापेक्षा हलका आहे, हे त्यानं कबूल केलं.

"पहिल्या काचेवर काही खूण होती?"

"होती ना. धुऊन वाळल्यावर बाईंनी सुई घेतली आणि कडेला काहीतरी कोरलं. ओळभर. आम्हाला मोडी वाचता येत नाही. दुसरीवर तारीख तेवढी टाकली. मी म्हटलं, हिच्यावर काही नाही? तर म्हणाल्या, एकदा लिहिलं की पुरे."

धोंडीराम चावडीच्या मागच्या खोलीत होता. पन्नाशीचा, ताठ कण्याचा माणूस. गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. उत्तरेश्वररावांनी जे विचारलं त्याचं त्यानं सरळ उत्तर दिलं. किल्ली त्याच्याकडे असते, पण देव्हाऱ्यात तिची दुसरी जोड आहे. काच त्यानं घेतली नाही. घेऊन करणार काय, त्या काचेत आपलं तोंडसुद्धा दिसत नाही. अमावास्येच्या रात्री तो माळवदावर होता, घटिकापात्र बघून वेळ सांगत होता. कॅमेऱ्याचं झाकण कुणी उघडलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ज्यानं उघडलं त्यानं."

"आणि तुमचे मालक कुठं होते?"

धोंडीरामनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मालकाला इचारा."

"तुला तुरुंगात धाडताहेत, बाबा. कावून गप बसतोस?" बबनरावांनी न राहवून विचारलं.

"बोलायचं न्हाई म्हनून," धोंडीराम म्हणाला. त्यानं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. पण बबनराव बाहेर येऊन आपले पुसत राहिले.

परतताना उत्तरेश्वररावांनी तात्याबाला गाडी जोडायला लावली आणि कोसभर मागं जाऊन आले. हातात कापडात बांधलेलं गाठोडं होतं. त्यात काय आहे हे कळल्यावर बबनराव दोन हात लांब सरकून बसले आणि धारूर येईपर्यंत मारुतीचं नाव घेत राहिले.

गुरुवारी दुपारी बैठकीत चौघं जमले: सुंदरराव, जानकीबाई, राधाकिशन आणि दाराशी बबनराव. गाठोडं उत्तरेश्वररावांच्या मांडीशेजारी होतं.

"मी पैमाईशवाला माणूस," ते म्हणाले. "बांध कुणी सरकवला हे ओळखायचं तर काय सरकलं एवढंच बघून भागत नाही. काय जागेवर राहिलं तेही बघावं लागतं. इथं दुसरी काच जागेवर राहिली."

देशमुख म्हणाले, चोराला ती सापडली नसेल.

"एकाच पेटीत, शेजारच्या पाकिटात होती. राधाकिशनला तारा आपल्या नावावर लावायचा असता, तर त्यानं दोन्ही नेल्या असत्या. एक मागं राहिली की त्याचं सोंग उघडं पडतं. धोंडीरामला मालकावर राग काढायचा असता, तर दोन्ही फुटल्या असत्या, कदाचित पेटीच फुटली असती. तारा तर दोन्ही काचांवर आहे. म्हणजे चोराला ताऱ्याचं वावडं नव्हतं. पहिलीवर असलेलं आणि दुसरीवर नसलेलं काहीतरी त्याला नको होतं."

राधाकिशननं हळूच जानकीबाईंकडे पाहिलं.

"कडेला सुईनं कोरलेली ओळ," उत्तरेश्वरराव म्हणाले. "नाव कोरतो तो काच काढणारा. देशमुख, तुम्ही म्हणालात, रात्रभर येरझाऱ्या घातल्या. तुमच्या चैत्रातल्या काचा तशाच आहेत. तुमचं प्रत्येक पाऊल त्यांत उमटलंय. तुमचं माळवद मातीचं आहे, माणूस चालला की तांब्यातलं पाणी हलतं. अमावास्येच्या काचेवर मात्र एक रेघ हललेली नाही. त्या रात्री माळवदावर असं माणूस होतं जे श्वाससुद्धा बेतानं घेतं. आणि ज्याच्या बोटांवर औषधाचे डाग आहेत."

"मग मी कुठं होतो?" सुंदरराव हसत म्हणाले. हसू ओठांपुरतंच होतं.

उत्तरेश्वररावांनी गाठोडं सोडलं. लाल कातड्याच्या वहाणा, अंगठ्यावर हिरवा गोंडा. त्यांनी त्या भिंतीवरच्या तसबिरीखाली नीट जोडून ठेवल्या. तसबिरीतल्या देशमुखांच्या पायात तोच जोड होता.

"कुत्रं वहाण नेतं हे मान्य. पण एक नेतं, जोड नेत नाही. आणि नेलीच तर शनीच्या पारावर नेऊन ठेवत नाही. शनिवारची अमावास्या होती. तुम्ही तेल घातलंत, रात्र तिथंच काढलीत, आणि अनवाणी कोसभर चालत आलात. लंगडता ते नव्या वहाणांनी नाही, आधीच सोललेल्या तळव्यांनी. लोकांना कडी दाखवून त्यांची भीती घालवणारा माणूस स्वतः पारावर झोपतो हे गावाला कळू द्यायचं नव्हतं, एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं."

देशमुखांनी पाय धोतराखाली ओढून घेतले.

"धोंडीरामला हे ठाऊक होतं. वेशीपर्यंत कंदील घेऊन तोच आला असेल. त्याच्याकडून काय उचलून घेतलंत?"

"बेलभंडार," सुंदरराव खाली बघत म्हणाले. "दोन वर्षांमागंच घातली होती शपथ. कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"म्हणजे तो बोलणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. मालक त्या रात्री नव्हते हे सांगू शकणारा एकच माणूस, आणि तुम्ही त्याच्या इमानाचंच कुलूप करून त्याला आत घातलंत. मी पुष्कळ चोर मोजले, देशमुख. चोरीला दुसऱ्याची शपथ वापरणारा पहिलाच."

उत्तरेश्वररावांनी बबनरावांना खूण केली. बबनरावांनी आल्या दिवशी सरळ केलेली, त्यांना जड वाटलेली ती तसबीर उतरवली. पाठीमागच्या पुठ्ठ्याचे चार खिळे नवे होते. पुठ्ठा निघाला आणि सुंदररावांच्या फोटोमागून काच बाहेर आली.

"फोडली का नाही?" बबनरावांनी विचारलं.

"शनी अमावास्येची काच," उत्तरेश्वररावच म्हणाले. "फोडायला हिंमत लागते."

जानकीबाईंनी काच घेतली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली. बारीक काळ्या रेघांमध्ये एक जाड रेघ होती, वहीतल्या कुठल्याच नकाशात नसलेली. कडेला सुईची ओळ. राधाकिशन पुढं झुकला. त्याला ती वाचता येईना, तेव्हा उत्तरेश्वररावांनी मोठ्यानं वाचली.

"जानकी. धोंडीराम. वैशाख अमावास्या."

सुंदरराव म्हणत होते की बाईच्या आणि गड्याच्या नावानं पाठवलेली काच वेधशाळेत कोण हातात धरणार होतं. घराण्याचं नाव व्हावं म्हणून केलं. पत्रात खाली अक्काचा उल्लेख करणारच होतो. जानकीबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"सुंदर," त्या म्हणाल्या, "तुला ध्रुव म्याच दाखवला. सात वर्सांचा होतास, माझ्या खांद्यावर बसून बघितलास. नाव पायजे म्हनला असतास तर दिलं असतं रे. माणूस कावून दिलास?"

सुंदररावांनी दौत पुढं ओढली.

अमिनासाठी चिठ्ठी सुंदररावांनी लिहिली. हैदराबादचा कागद जानकीबाईंनी स्वतः लिहायला घेतला. त्यात भावाविषयी एकही वाईट शब्द नव्हता. त्याचं नावच नव्हतं.

चावडीकडे जाताना बबनरावांची उरलेली अर्धी शंका जागी झाली. भाऊ माळवदावर नव्हता हे बाईंना पहिल्यापासून ठाऊक होतं. पाराशी त्या बैलांकडे बघत बसल्या ते उगाच नव्हे. मग दोन दिवस हाल सोसून बीडला कशाला आल्या? आणि आल्याच होत्या तर तिथंच सांगायचं होतं.

"चोर कोण हे त्यांनी ओळखलं होतं, बबनराव," उत्तरेश्वरराव म्हणाले. "भावावरचा आपला संशय चुकीचा आहे, असं कुणीतरी सांगावं म्हणून त्या आल्या होत्या. तेवढं एक काम मला जमलं नाही."

धोंडीरामला बाहेर आणलं तेव्हा ऊन जरासं पडलं होतं. जानकीबाईंनी पदराआडून काच काढली, उन्हात धरली आणि कडेच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्ये काय लिवलंय, बाईसाब?"

"तुझं नाव."

तो काचेकडे पाहत राहिला. हात पुढं केला आणि न लावताच मागं घेतला. "माजं कावून?"

"तू होतास म्हणून."

रस्त्यापलीकडे लिंबाखाली सुंदरराव उभे होते. पाय उघडे होते. नव्या वहाणा चावत होत्या आणि जुन्या पायात घालायची त्यांना भीती वाटत होती. धोंडीरामला ते दिसले. गडी रस्ता ओलांडून त्यांच्यापर्यंत गेला, नेहमीच्या अंतरावर थांबला आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली आणत म्हणाला,

"मालक, म्या कुनाला बोल्लो न्हाई."